उन्हाळी सुट्टीत औषधी वनस्पतींवर प्रयोगशाळेत काम: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

विद्यार्थी ज्या महिन्यांत मोकळा असतो, नेमक्या त्याच महिन्यांत मराठवाड्यातल्या कितीतरी औषधी वनस्पती रानात दिसत नाहीत. टाकळा आणि भुईआवळी पावसावर उगवतात आणि पावसाबरोबरच संपतात. कळलावी, काळी मुसळी कंदाच्या रूपानं जमिनीत झोपलेल्या असतात. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं एप्रिलात जवळजवळ बोडकी असतात. त्यामुळे इथली उन्हाळी इंटर्नशिप मे महिन्यात सुरू होत असली तरी तिची तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी लागते. बी. एस्सी., एम. एस्सी. आणि बी. फार्म.च्या मुलांना हे कुणी वेळेवर सांगत नाही, म्हणून हा लेख.

मनात एक गोष्ट पक्की धरा: एक वनस्पती, तिचा एक भाग आणि एक छोटा प्रश्न. आठ आठवड्यांत एवढंच नीट होतं. 'मराठवाड्यातील पंचवीस औषधी वनस्पतींचा अभ्यास' असं शीर्षक घेऊन आलेला विद्यार्थी शेवटी पंचवीस अर्धवट तक्ते घेऊन जातो, आणि त्यातला एकही आकडा त्याला छातीठोकपणे सांगता येत नाही.

प्रश्न कसा निवडायचा

आधी उन्हाळ्यात काय मिळतं ते बघा. कडुनिंब, करंज, अर्जुन, बेल, बहावा ही झाडं आहेतच. निर्गुडी, अडुळसा, रुई, तरवड ही झुडपं तग धरून असतात. बेलफळं याच काळात पिकतात, बहावा फुलतो, जूनमध्ये लिंबोळ्या पडतात. गुळवेलीची पानं झडलेली असली तरी तिचं खोड मिळतं, आणि औषधाला खोडच लागतं. साठवणीतला मालही चालतो. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. उन्हाळ्यात बाजारात नवी हळद आलेली असते, आणि तिच्या जेठ्या गड्ड्यांत आणि हळकुंडांत करक्यूमिन किती वेगळं भरतं हा आठ आठवड्यांत सुटणारा, शेतकऱ्यालाही रस वाटेल असा प्रश्न आहे.

मला सर्वांत आवडणारा प्रश्न मात्र गुळवेलीचा आहे. लिंबावर, म्हणजे कडुनिंबावर, चढलेली गुळवेल जास्त गुणाची, असं आपल्याकडे गावोगाव मानतात. तिच्या रसायनात खरंच फरक असतो का? लिंबावरचे पाच वेल आणि बाभळीवरचे किंवा कुंपणावरचे पाच वेल, शक्यतो एकाच शिवारातले आणि सारख्या जाडीचे घ्यायचे. त्यांच्या खोडातली एकूण फिनॉलं (वनस्पतीत तयार होणाऱ्या रसायनांचा एक गट) मोजायची आणि थर-वर्णलेखनात (थिन लेअर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे प्लेटवर अर्कातले घटक वेगळे करणं) दिसणारे ठिपके शेजारी शेजारी ठेवून बघायचे. प्रश्न छोटा आहे, पण त्यात निवड, ओळख, अर्क, मोजमाप आणि संख्याशास्त्र सगळं येतं. पुढची उदाहरणं मी याच प्रश्नाच्या आधारानं देणार आहे.

एकेकच वेल का नको? दोन माणसांची उंची मोजून दोन गावांची तुलना होत नाही. एका वेलाची जमीन, पाणी, वय वेगळं असू शकतं. पाच म्हणजे फार नाहीत, पण आठ आठवड्यांत झेपतील एवढे आहेत.

जागा आणि पत्र

छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही पहिली ठिकाणं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ विसरू नका. नांदेड आणि धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांतले द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचा अभ्यास) विभाग वनस्पतीच्या ओळखीसाठी फार उपयोगी पडतात. मोठ्या उपकरणांसाठी बाहेर जायची तयारी असेल तर पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत. नांदेड-लातूरकडच्या मुलांना हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था रेल्वेनं सोयीची पडते. तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिचे अर्ज हिवाळ्याच्या तोंडाला निघतात, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर दिवाळीपासूनच लक्ष ठेवा.

तरी माझं प्रामाणिक मत असं की पहिली इंटर्नशिप जवळच्या, लहान प्रयोगशाळेत करावी. मोठ्या संस्थेत पीएच. डी.च्या विद्यार्थ्याच्या मागं उभं राहून बघायला मिळतं. लहान ठिकाणी पिपेट तुमच्या हातात येते. एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आहेत, त्यामुळे ही इंटर्नशिप त्यात धरली जाईल का आणि त्यासाठी कोणता फॉर्म लागतो, हे विभागप्रमुखांना आधीच विचारून ठेवा.

जानेवारी संपण्याआधी ई-मेल पाठवा. एकच मजकूर चाळीस प्राध्यापकांना गेलेला लगेच ओळखू येतो. लिहायचं ते साधं:

'आदरणीय मॅडम, मी जालन्याच्या महाविद्यालयात बी. एस्सी. तृतीय वर्षाला शिकते. विषय वनस्पतीशास्त्र आणि रसायनशास्त्र. लिंबावरच्या आणि इतर आधारांवरच्या गुळवेलीतल्या फिनॉलांची तुलना करायची माझी इच्छा आहे. आमच्या शिवारात दहा वेल मी हेरून ठेवले आहेत, त्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. मला अनुमापन आणि सूक्ष्मदर्शकाचं काम येतं, स्पेक्ट्रोफोटोमीटर अजून हाताळलेला नाही. १ मे ते ३० जून मी पूर्णवेळ येऊ शकेन. तुमच्या प्रयोगशाळेत ही सोय होईल का?'

बाहेरच्या राज्यात पाठवायचं असेल तर हेच इंग्रजीत लिहा. काय येतं आणि काय येत नाही हे दोन्ही लिहिलेलं पत्र गाईडला आश्वस्त करतं. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. जवळ असेल तर सरळ जाऊन भेटा. आपल्याकडे समोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला सहसा कुणी परत पाठवत नाही.

हिवाळ्यातच खूण करून ठेवा

गुळवेलीच्या बाबतीत हा टप्पा चुकला तर पुढं ओळखीची अडचण होते. मेमध्ये वेलाला पानं नसतात आणि पानांवाचून खात्रीनं ओळख पटवणं अवघड. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पानं असतानाच प्रत्येक वेलाला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा नंबर तारेनं सैल बांधा, मोबाईलवर अक्षांश-रेखांश नोंदवा, फोटो काढा आणि पानांसकट एक फांदी दाबून हर्बेरियम नमुना (वाळवून कागदावर लावलेला नमुना) करा. फुलं उन्हाळ्यात, पानगळीनंतर येतात. ती तेव्हा घेऊन त्याच नमुन्याला जोडा.

खऱ्या गुळवेलीची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाची, पानं हृदयाकार आणि गुळगुळीत असतात. टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानांना खालून लव असते. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक चामखिळीसारखे उंचवटे असतात. हा शेवटचा प्रकार यकृताला घातक ठरू शकतो, आणि आयुष मंत्रालयानंही या गोंधळाबद्दल सावध केलं आहे. खोडाचा आडवा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. तो फोटो अहवालात हवाच.

ओळख स्वतः पटवून थांबू नका. व्ही. एन. नाईक यांचा १९९८ चा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा दोन खंडांतला ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून चाळा, मग नमुना विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात तपासून घ्या. नमुना जमा केला की क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसलेल्या औषधी वनस्पतीच्या कामाला चांगली नियतकालिकं दारातही उभं करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, शंखपुष्पी म्हणून तीन. सीतेचा अशोक मागितला तर नर्सरीवाला कॉलनीतला उंच खोटा अशोक देतो. नुसत्या बाजारी नावावर केलेलं रसायन कुणाचं, हे सांगताच येत नाही.

परवानगी आणि माणसं

बांधावरच्या वेलासाठी शेतमालकाला विचारा. तोंडी हो पुरेसं आहे, पण नाव आणि तारीख वहीत लिहा. गौताळा-औट्रमघाट, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर ही अभयारण्यं आहेत. तिथं वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि राज्याचं मंडळ नागपूरला आहे. गावातून मोठ्या प्रमाणात माल घेणार असाल तर समितीला कळवा. नमुना किंवा निष्कर्ष परदेशी संस्थेकडे द्यायचा झाला तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. हे पत्रव्यवहार गाईडनं करायचे असतात, पण विषय तुम्ही काढा.

किनवट-माहूरकडं कोलाम, गोंड, आंध समाजातल्या जाणत्यांकडून किंवा गावच्या वैदूकडून माहिती घेणार असाल तर काय लिहिणार, कुठं छापणार हे आधी सांगा. 'नाव टाकू का?' हे विचारा. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने लेखी पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवलं. आजीच्या बटव्यातली माहिती कुणाची, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा आहे. एखाद्यानं सांगितलं, पण छापू नका म्हटलं, तर छापायचं नाही.

रानात जायचं ते सकाळी नवाच्या आत परत येण्याच्या हिशोबानं. मराठवाड्यात मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. डोक्याला रुमाल, पायात बूट, पाणी सोबत, एकट्यानं जायचं नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. बिब्ब्याच्या तेलानं कातडीवर फोड येतात. खाजकुयलीच्या शेंगांना हात लावू नका. हातमोजे घातलेले असले तरी त्याच हातानं घाम पुसायचा नाही.

वाळवणं आणि दळणं

गुळवेलीचं खोड कापल्यावरही बरेच दिवस जिवंत राहतं, त्यामुळे लांब कांड्या वाळत नाहीत. पाण्यानं धुऊन, पुसून, साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा आणि सावलीत, वारा खेळता असेल तिथं कागदावर एकाच थरात पसरा. उन्हात ठेवायचा मोह होईल, कारण आपल्याकडं ऊन फुकट आणि भरपूर. पण उन्हानं आणि उष्णतेनं फिनॉलांसारखे घटक बदलतात. ओव्हन वापरलाच तर ४० अंशांच्या आसपास. रोज एकाच वेळी वजन घ्या. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं म्हणजे वाळलं.

मग दळून ४० मेशच्या चाळणीतून काढा. प्रत्येक वेलासाठी मिक्सरचं भांडं धुऊन, वाळवून घ्या, नाहीतर लिंबावरचं आणि बाभळीवरचं एकमेकांत मिसळेल. घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत भरा, वर नंबर, तारीख, वजन. नंबर बाटलीवर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात.

अर्क काढताना

साधारण २० ग्रॅम पावडर सॉक्सलेटच्या (उकळतं द्रावक पुन्हा पुन्हा पावडरीतून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणाच्या) थिंबलमध्ये, म्हणजे कागदी नळकांड्यात, भरून २०० ते २५० मिली मिथेनॉलनं अर्क काढायचा, ही नेहमीची पद्धत. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं. सॉक्सलेटमध्ये अर्क तासन्‌तास त्या तापमानाला राहतो, म्हणून उष्णतेनं बिघडणाऱ्या घटकांसाठी खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवस भिजवून, मधून मधून हलवून अर्क काढणं चांगलं. चीनच्या तू यूयू यांना मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचा सुगावा लागला तो उकळणं सोडून, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरनं अर्क काढल्यावर. त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. फिनॉलांसाठी मी भिजवण्याची पद्धत सुचवते. दहाही वेलांना तीच पद्धत, तेवढाच वेळ, तेवढंच द्रावक.

सॉक्सलेट वापरणार असाल तर मराठवाड्यातला खरा प्रश्न पाण्याचा. कंडेन्सरला (वाफ गार करणाऱ्या नळीला) सतत गार पाणी लागतं. नळ चालू ठेवला तर दिवसाला काही पिंपं पाणी गटारात जातं, आणि त्याच गल्लीत लोक टँकरची वाट बघत असतात. हे करू नका. मोठ्या टबमध्ये पाणी भरा, त्यात कुलरचा छोटा पंप सोडा, पंपाची नळी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला लावा आणि वरच्या तोंडातलं पाणी परत टबात येऊ द्या. दर तासाला बर्फाच्या बाटल्या टाका. काम तेवढंच चांगलं होतं.

याला जोडून धोका समजून घ्या. वीज गेली आणि पंप बंद पडला, पण हीटिंग मँटल (फ्लास्क तापवणारी विजेची शेगडी) वेगळ्या लाईनवर किंवा इन्व्हर्टरवर चालू राहिला, तर मिथेनॉलची वाफ खोलीत पसरते. तिनं आग लागू शकते आणि श्वासावाटेही विष भिनतं. म्हणून पंप आणि मँटल एकाच बोर्डावर लावा, सॉक्सलेट चालू असताना खोली सोडू नका, रात्रभर चालू ठेवू नका. उकळी नीट यावी म्हणून फ्लास्कमध्ये बॉइलिंग चिप्स टाका, पण द्रावक गरम झाल्यावर नव्हे, आधी.

द्रावक रोटरी इव्हॅपोरेटरवर, ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात, निर्वातात उडवा. मग उरलेल्या अर्काचं वजन. समजा २० ग्रॅम पावडरीतून २.४ ग्रॅम अर्क मिळाला, तर उतारा १२ टक्के. हा आकडा पुढं लागणार आहे. अर्क फ्रीजमध्ये, पण खाण्याच्या वस्तू असलेल्या फ्रीजमध्ये कधीही नाही.

रंगांच्या चाचण्या: लवकर उरका, जास्त विश्वास ठेवू नका

अल्कलॉइडसाठी मायर (पांढुरका साका), ड्रॅगेनडॉर्फ (नारिंगी), वॅग्नर (तांबूस तपकिरी). फ्लॅवोनॉइडसाठी मॅग्नेशियम आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची शिनोदा चाचणी, गुलाबी-तांबडा रंग. फिनॉल-टॅनिनसाठी फेरिक क्लोराईड, निळा-हिरवा ते काळा. सॅपोनिनसाठी हलवल्यावर टिकणारा फेस. स्टेरॉइड-टर्पेनसाठी साल्कोवस्की, तांबडा-तपकिरी थर. दोन दिवसांत होतात.

विद्यार्थी यांचे 'अधिक, अधिक अधिक' असे तक्ते करून अहवालाचा गाभा बनवतात, ते मला पटत नाही. अर्काचा गडद हिरवा रंग फेरिक क्लोराईडचा निकाल झाकतो. मायरला प्रथिनंही कधीकधी साका देतात. या चाचण्या पुढं काय मोजायचं याची दिशा देतात, एवढंच. प्रत्येक चाचणीसोबत अर्काशिवायची एक नळी आणि घटक नक्की असलेली एक नळी ठेवा. मायरमध्ये पारा आहे. ते सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमा करा.

मोजमाप

फोलिन-सिओकाल्टू पद्धतीनं, म्हणजे फिनॉलांशी निळा रंग देणारं 'फोलिन' द्रावण वापरून, एकूण फिनॉलं मोजता येतात. अर्काचं मिलीलिटरला १ मिलिग्रॅम असं द्रावण करा. ०.५ मिली नमुना, २.५ मिली दहापट पातळ केलेलं फोलिन, पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिली, अर्धा तास अंधारात, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ७६५ नॅनोमीटरला शोषणाचं (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचं) वाचन. मानक (ज्ञात प्रमाणाचं, तुलनेसाठीचं द्रावण) म्हणून गॅलिक आम्ल: २०, ४०, ६०, ८०, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. मानकांच्या संहती आणि शोषणातून काढलेल्या रेषेचा आर-वर्ग (बिंदू रेषेवर किती नीट बसतात त्याचा आकडा) ०.९९ च्या खाली आला तर पुढं जाऊ नका, मानक पुन्हा करा.

आता हिशोब, कारण बहुतेक मुलं इथंच अडखळतात. समजा रेषेचं समीकरण आलं: शोषण = ०.००९ गुणिले संहती + ०.०१५. नमुन्याचं शोषण ०.२८५. त्यातून ०.०१५ वजा केले की ०.२७०, त्याला ०.००९ नं भागलं की ३० मायक्रोग्रॅम प्रति मिली. द्रावणात मिलीला १ मिलिग्रॅम अर्क होता, म्हणजे १ मिलिग्रॅम अर्कात ३० मायक्रोग्रॅम, किंवा १ ग्रॅम अर्कात ३० मिलिग्रॅम गॅलिक आम्लाइतकी फिनॉलं. आता उतारा १२ टक्के, म्हणून १ ग्रॅम कोरड्या पावडरीत ३.६ मिलिग्रॅम. हे दोन्ही आकडे द्या. एका वेलाचा अर्क दमदार पण उतारा कमी, दुसऱ्याचं उलट, असं होतं. काढा करून पिणाऱ्याच्या दृष्टीनं पावडरीचा आकडा जास्त बोलका असतो.

फोलिन फक्त फिनॉलांशीच अभिक्रिया करतं असं नाही. क जीवनसत्त्व, काही शर्करा यांच्याशीही करतं. म्हणून अहवालात 'फिनॉलं एवढी आहेत' असं न लिहिता 'गॅलिक आम्लाच्या तुलनेत एवढी' असं लिहा.

एसी नसलेल्या प्रयोगशाळेत मेमध्ये खोलीचं तापमान ३८ अंशांवर जातं. रंग लवकर चढतो, मिथेनॉल उघड्या नळीतून उडून द्रावण घट्ट होतं. उपाय सोपा आहे: मानक आणि नमुने एकाच बैठकीत, एकाच वेळी, सकाळी लवकर करा. काल काढलेल्या रेषेवर आजचे नमुने मोजू नका. नळ्यांना झाकणं लावा.

वेळ उरला तर डीपीपीएच (या जांभळ्या रसायनाचा रंग अर्क किती घालवतो, यावरून अर्काची ऑक्सिडीकरणरोधी ताकद मोजणारी चाचणी) करा. ०.१ मिलीमोलर द्रावणासाठी १०० मिली मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम, फॉइलमध्ये गुंडाळून, त्याच दिवशी वापरायचं. अर्ध्या तासानं ५१७ नॅनोमीटरला वाचन, तुलनेला ॲस्कॉर्बिक आम्ल. अर्काला स्वतःचा रंग असेल तर डीपीपीएचशिवाय अर्काचं वाचन घेऊन वजा करा. जांभळा रंग गेला म्हणजे शरीरात औषध लागू पडलं असा अर्थ होत नाही. ती काचेच्या नळीतली अभिक्रिया आहे.

थर-वर्णलेखनासाठी सिलिका जेल ६० एफ २५४ ची प्लेट. दहाही अर्क आणि मिळालं तर बर्बेरिनचं (एका पिवळ्या अल्कलॉइडचं) मानक एका प्लेटवर ओळीनं लावा. ब्युटेनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण चालतं. बर्बेरिन ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पिवळसर चमकतं. द्रावक ८ सेंटीमीटर चढला आणि ठिपका ३.६ वर थांबला तर आरएफ (ठिपक्याचं अंतर भागिले द्रावकाचं अंतर) ०.४५. दिव्याकडं उघड्या डोळ्यांनी बघू नका.

जिवाणूंवरचा परिणाम बघायची हौस सगळ्यांना असते. सूक्ष्मजीवशास्त्राची सोय, ऑटोक्लेव्ह आणि शिकवणारं माणूस असेल तरच करा. आगरमधलं रिकामं वर्तुळ किती मोठं दिसतं हे अर्क आगरमधून किती पसरतो यावरही अवलंबून असतं, त्यामुळे नुसत्या मिलिमीटरांवरून दोन अर्कांची तुलना होत नाही. पहिल्या इंटर्नशिपला हा भाग सोडलेला बरा.

आकडे आणि वही

प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या करायच्याच. पण तीन नळ्यांचा सरासरी आकडा म्हणजे एका वेलाचा एक आकडा. तुलना करताना लिंबावरचे पाच आकडे विरुद्ध बाकीचे पाच आकडे, असा टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक नुसता योगायोगाचा आहे का हे तपासणारा) लावायचा. तीन नळ्या गुणिले पाच वेल करून पंधरा दाखवणं चूक आहे, आणि परीक्षक हे लगेच पकडतात. फरक नाही असं निघालं तर तसंच लिहा. 'पाच-पाच वेलांत, मे महिन्यात, या पद्धतीनं एकूण फिनॉलांत फरक आढळला नाही' हा पूर्ण, उपयोगी निष्कर्ष आहे. लोकांचा समज खोटा ठरला असं त्यातून निघत नाही, कारण तुम्ही फक्त फिनॉलं मोजली.

वही बांधणीची, पानांना क्रमांक घातलेली. पेननं लिहा, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा, व्हाइटनर नको. मशीनवरचा आकडा हातावर किंवा फिल्टर पेपरवर लिहून नंतर उतरवायचा नाही. संध्याकाळी पानाचा फोटो काढून मेलवर ठेवा.

आठ आठवड्यांची साधारण वाटणी: पहिला आठवडा वाचन आणि उपकरणांची ओळख, दुसरा गोळा करणं आणि वाळवणं, तिसरा-चौथा अर्क, पाचवा मानकांचा सराव, सहावा-सातवा मोजमाप, आठवा अहवाल. पाचव्याला कात्री लावायची घाई होते, पण लावू नका. पिपेटचा हात तिथंच बसतो.

राहण्याचं म्हणाल तर विद्यापीठाच्या वसतिगृहात सुट्टीत खोली मिळते का हे मार्चमध्येच गाईडच्या शिफारशीनं विचारा. बऱ्याच ठिकाणी मानधन नसतं, तेव्हा जाण्यायेण्याचा खर्च आधी मांडा. प्रयोगशाळेत सुती कपडे, बंद बूट, केस बांधलेले. मुलींनी ओढणी बाहेर ठेवावी.

अहवाल आणि निघताना

अहवाल वीस-पंचवीस पानांचा पुरे. पद्धत इतकी स्पष्ट लिहा की पुढच्या उन्हाळ्यात येणारा विद्यार्थी तुम्हाला फोन न करता ती करू शकेल. वेलांचे क्रमांक, हर्बेरियमचा क्रमांक, गोळा केल्याची तारीख, आधारझाड, कच्चे आकडे परिशिष्टात. 'कर्करोगावर उपयुक्त', 'मधुमेह बरा होतो' असली वाक्यं स्वतःच्या निष्कर्षात घालू नका. तुम्ही रुग्ण तपासलेला नाही.

पैसे भरले की चार दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांकडून मेल येतील. त्यांना उत्तर देऊ नका. त्यापेक्षा हे काम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत पोस्टर म्हणून न्या. तिथं परीक्षकांनी विचारलेले प्रश्न कामाला खरं वळण देतात.

शेवटच्या दिवशी सगळ्या बाटल्या मोजून, यादीसकट गाईडच्या ताब्यात द्या. पाऱ्याचा आणि द्रावकांचा कचरा कुठं ठेवला ते लिहून द्या. टबातलं पाणी झाडांना घालण्याआधी त्यात द्रावक गळलेलं नाही याची खात्री करा. आणि ज्यांच्या बांधावरून वेल घेतले त्यांना जाऊन निकाल सांगा, मराठीत, एका कागदावर: कोणत्या झाडावरच्या वेलात किती निघालं आणि त्यावरून काय म्हणता येत नाही. पावसाळा लागून पानं फुटली की त्याच दहा वेलांचे नमुने पुन्हा घेता येतात. पत्र्याचे नंबर तोपर्यंत तसेच राहू द्या म्हणून त्यांना सांगून या.